सहा फ्रेमांची तफावत

मध्यम किमतीचे ग्राफिक्स कार्ड घेऊ इच्छिणारा तरुण हल्ली प्रत्येक जिन्यावर आणि प्रत्येक लग्नाच्या पंगतीत भेटत असल्यामुळे त्याची लक्षणे येथे विस्ताराने सांगण्याचे प्रयोजन नाही. चाळीस हजारांच्या आसपासची रक्कम वडिलांकडून तत्त्वतः मंजूर झालेली असते, दोन प्रतिस्पर्धी उत्पादकांची दोन कार्डे अंतिम विचारार्थ रुजू झालेली असतात, आणि प्रकरण मात्र गेल्या दिवाळीपासून ‘विचाराधीन’ या शेऱ्याखाली पडून असते. विलंबाचे कारण विचारावे, तर तो अतिशय गंभीर मुद्रेने सांगतो की एक कार्ड सेकंदाला ११८ फ्रेमा काढते आणि दुसरे १२४.

त्याच्या टेबलावरचा मॉनिटर ६० हर्ट्झचा आहे.

साठ हर्ट्झचा पडदा सेकंदात साठ वेळा बदलतो, त्याहून अधिक वेळा बदलण्याची त्याची प्रकृती नाही, आणि त्याला एकशे अठरा चित्रे पुरविली काय किंवा एकशे चोवीस पुरविली काय, तो आपल्या गतीनेच चालणार. जाणकार यावर म्हणतील की फ्रेमा अधिक निघाल्या तर माउसच्या हालचालीला प्रतिसाद किंचित लवकर मिळतो, आणि त्यांचे म्हणणे खोटे नाही. परंतु ११८ आणि १२४ या दोहोंमध्ये एकेका फ्रेमेच्या काळाचा हिशेब मांडला, तर फरक अर्ध्या मिलिसेकंदाचाही भरत नाही. जो गृहस्थ जेवायला हाक मारली असता चौथ्या हाकेस ‘आलो’ म्हणतो आणि सहाव्या हाकेस येतो, त्याला हा अर्धा मिलिसेकंद सोसवत नाही.

या साऱ्या कलहाचे उगमस्थान पडद्याच्या डाव्या बाजूच्या वरच्या कोपऱ्यात आहे. तेथे एक बारीकसा आकडा क्षणोक्षणी थरथरत असतो. खेळ रचणाऱ्या कलावंतांनी वर्षानुवर्षे खपून पावसाने ओल्या झालेल्या दगडी गल्ल्या, धुक्यात अर्धे बुडालेले बुरूज आणि मशालींच्या उजेडात हलणाऱ्या सावल्या निर्माण केलेल्या असतात. परंतु आमच्या तरुणाची दृष्टी त्या कोपऱ्यातून ढळत नाही. अक्राळविक्राळ राक्षस अंगावर चालून येतो, तरुण त्याचा सराईतपणे शिरच्छेद करतो, आणि विजयाचा आनंद त्याच्या मुखावर उमटण्यापूर्वीच तो उद्गारतो, ‘सत्त्याण्णववर आलं!’ राक्षसाच्या तोंडून ज्वाळा निघाल्या त्या क्षणी आकडा उतरला होता. त्यानंतरचे दोन तास तो ज्वाळांची प्रत कमी करण्यात, सावल्या पुसण्यात आणि धुके हटविण्यात घालवितो, आणि शेवटी त्या उघड्याबोडक्या गल्लीत आकडा १३१ झाला की समाधानाने संगणक बंद करून झोपी जातो. खेळायचे राहूनच जाते.

आकड्याची ही भक्ती ध्यानात आल्यावर उत्पादकांनी आकडाच वाढवून द्यावा, यात नवल ते काय? फ्रेम जनरेशन नावाची जी युक्ती आता दोन्ही पक्षांनी अवलंबिली आहे, तिचा व्यवहार असा की कार्ड एक खरी फ्रेम काढते, मग दुसरी खरी फ्रेम काढते, ती तत्काळ पडद्यावर न पाठविता क्षणभर अडकवून ठेवते, आणि या दोहोंच्या दरम्यान काय घडले असावे याचा अंदाज बांधून एक तिसरीच फ्रेम मध्ये सारते. कोपऱ्यातला आकडा या तिघींना सारखाच मान देतो. रस्त्याच्या कामावरील नामांकित मुकादमाची ही विद्या आहे: खडी फोडायला साठ माणसे, हजेरीपटावर एकशे वीस नावे, प्रत्येक नावापुढे अंगठा, आणि तपासणीस आलेल्या साहेबांस पटाचे दर्शन घडवून चहापान. पट निर्दोष असतो. खडी तेवढी साठ माणसांची असते. खरे पाहता साठांचीही नसते, कारण एवढी खोटी नावे लिहिण्यास हात लागतात, आणि त्यासाठी मुकादमाने साठांतली चार-सहा माणसे खडीवरून उठवून पट भरायला बसविलेली असतात. कार्डाच्या बाबतीतही ही मधली कल्पनासृष्टी रचण्याचा खर्च खऱ्या फ्रेमांच्या खात्यातूनच वजा होतो. आता तर एका खऱ्या नावामागे तीन खोटी नावे घालण्याइतकी प्रगती झाली असून, नव्या कार्डाचा पट खोट्या नावांसह मोजावयाचा, जुन्याचा खऱ्याच माणसांनिशी मोजावयाचा, आणि दोहोंचे स्तंभ शेजारी शेजारी उभे करून ‘दुप्पट’ असा जयघोष करावयाचा, ही रीतही जाहिरातीत रुळली आहे. मुळात साठ-सत्तर खऱ्या फ्रेमा निघत असतील तर या भरतीने हालचाल डोळ्यांना मऊ दिसते, एवढे श्रेय तिला दिलेच पाहिजे. पण खऱ्या वीसच असतील, तर कोपऱ्यात ऐंशी लिहिलेले असताना तलवार विसाच्याच चालीने उठते, आणि आपण ऐंशीच्या वेगाने मरण पावतो.

येथवर हसून सोडून देता आले असते. पुढची गोष्ट सोडण्याजोगी नाही.

२०१६ साली मध्यम किमतीच्या कार्डावर ८ जीबी व्हीरॅम, म्हणजे कार्डाची स्वतःची स्मृती, मिळत असे. २०२५ साली बाजारात आलेल्या नव्या मध्यम कार्डावरही ८ जीबी व्हीरॅम मिळते. मधल्या नऊ वर्षांत खेळांतील भिंती, झाडे आणि दाढ्या यांचे तपशील अनेक पटींनी वाढले आणि आठाचे मात्र आठच राहिले. बरे, ज्याला अधिक हवे त्याने अधिक दाम मोजून १६ घ्यावे, यातही गैर काही नव्हते. परंतु दोन्ही प्रतिस्पर्ध्यांनी, एरवी एकमेकांचे तोंड न पाहणाऱ्या या दोन्ही प्रतिस्पर्ध्यांनी, एकच नाव, एकच क्रमांक आणि एकच अक्षरवटिका असलेली दोन-दोन कार्डे काढली, एकावर आठ व दुसऱ्यावर सोळा, आणि तो फरक खोक्यावर नावापेक्षा बारीक टाइपात नोंदवून टाकला. परीक्षण वाचावे सोळाचे आणि घरी यावे आठाचे, याची ही पद्धतशीर तजवीज आहे. आठांत सामान मावेनासे झाले की उरलेले मुख्य रॅममध्ये टाकावे लागते, आणि स्लॉटच्या वाटेने तेथून ते आणीपर्यंत चित्र गचके खाते. काही खेळ त्याहून चतुर असून ते गुपचूप भिंतींचा तपशील उतरवून ठेवतात, मग समोरच्या विटेची रेघ न् रेघ पुसली जाते आणि कोपऱ्यातला आकडा १२४ तसाच तेजाने तळपत राहतो! याला आम्ही व्यापारी कौशल्य म्हणणार नाही. ही उघड लबाडी आहे, आणि ती करणाऱ्यांना पक्के ठाऊक आहे की गिऱ्हाईक त्यांना जाब विचारणार नाही, कारण गिऱ्हाईक दुसऱ्या गोटातल्या गिऱ्हाइकाशी सहा फ्रेमांवरून हातघाईला आलेले आहे. स्वतःच्या बापाच्या पैशाने विकत घेतलेल्या वस्तूच्या उत्पादकाची वकिली रात्री दोन-दोन वाजेपर्यंत बिनपगारी करणारी ही पिढी पाहिली, की पक्षकाराच्या भाग्याचा हेवा वाटतो.

वकिली आटोपली म्हणजे हे तरुण मुंबईत लॅमिंग्टन रोडवर अवतरतात. (सरकारी पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग, पण त्या नावाने तेथे कार्ड मागायला कोणी जात नाही.) तेथे खोक्याच्या बगलेला एक पांढरी चिठ्ठी डकविलेली असते. आयातदाराचा पत्ता आणि ‘सर्व करांसहित कमाल किरकोळ किंमत’ असा सारा मजकूर तिच्यावर कायद्यानुसार छापलेला असतो, आणि त्या किमतीला ते कार्ड कधी विकले गेल्याचे आमच्या तरी ऐकिवात नाही. ती किंमत केवळ खाली उतरण्यासाठी लिहिलेली असते. दुकानदार ती बोटाने दाखवितो, दुःखी होतो, हजारोंनी उतरतो, आणि गिऱ्हाईक उपकृत होऊन चहा घेते. अठरा टक्के जीएसटीचा विषय निघाला की दुकानदाराचा आवाज खाली येतो व तो विचारतो, ‘पक्कं बिल पाहिजे का?’ म्हणजे सरकारने सक्तीने छापावयास लावलेला आकडा असा निरुपयोगी, आणि जो छापावयास लावला असता कोणाचे कल्याण झाले असते तो आठ-सोळाचा आकडा खोक्यावर ठळक अक्षरांत हवा, असा हुकूम काढण्यास मात्र कोणत्याही दफ्तरास सवड नाही.

तेव्हा कोणते घ्यावे, या प्रश्नास आमचे उत्तर दीड ओळीचे आहे. दोहोंपैकी ज्याचे सोळा जीबीचे कार्ड त्या दिवशी स्वस्त असेल ते पक्क्या बिलाने घ्यावे, आणि बिलावर नावापुढे जीबीचा आकडा व सिरियल नंबर लिहवून घ्यावा. दुकानदार म्हणेल, ‘भाऊ, नावात आलंच की ते.’ नावात आलेले नाही, एवढे त्याला सांगावे, आणि तो पेन उचलीपर्यंत गल्ल्यासमोरून हलू नये.