पन्हं आणि पंखा

चैत्र शुद्ध तृतीयेला गौर झोपाळ्यात बसते ती थेट अक्षय्यतृतीयेपर्यंत. मधला एखादा दिवस धरून हळदीकुंकू उरकायचं: वाटली डाळ, भिजवलेले हरभरे, पन्हं. पुण्यातल्या एका नुकत्याच निवृत्त झालेल्या बँक अधिकाऱ्यांनी यंदा पन्ह्याचं खातं स्वतःकडे घेतलं.

पहिली चूक मंडईतच झाली. दिसायला देखणी म्हणून त्यांनी तोतापुरी कैरी उचलली. तिखटमीठ लावून खायला ती झकास, पण पन्ह्याला रायवळच हवी, दात आंबवणारी. बायकोने पिशवीत डोकावलं आणि ती काहीच बोलली नाही. छत्तीस वर्षांच्या संसारात याहून कडक शेरा त्यांना मिळाला नव्हता. ते मुकाट्याने पुन्हा मंडईत गेले.

मग तात्त्विक प्रश्न. कैरी उकडायची की कच्चीच किसायची? उकडलेला गर गुळात मुरतो, तांबूस दिसतो. कच्च्याचं पन्हं हिरवट, साखरेचं, जरा आगाऊ. चंद्रपूरच्या वन्संनी फोनवर तिसराच निकाल दिला, "निखाऱ्यावर भाजा!" पारा 45 च्या वर जाणाऱ्या गावात पन्हं ही हौस नसते, उन्हावरचं औषध असतं.

शेवटी कुकर लागला. बायको दरवर्षी गर हातानेच कुस्करून चाळणीतून काढते. साहेबांनी मिक्सर काढला. एक वाटी गराला दोन वाट्या गूळ, वर वेलची.

"अहो, गार तरी होऊ द्या."

"मिनिटाचं काम आहे."

बंद भांड्यात कढत गर घुसळला की आतली हवा आणि वाफ फुगते आणि वाट शोधते. झाकणावर हात दाबून धरायला हवा होता; साहेबांच्या त्या हातात मोबाइल होता. झाकण उडालं. वर पंखा पाचावर. पुढचं वाटप पंख्याने अत्यंत निःपक्षपातीपणे केलं: फडताळ, चष्मा, आणि कालनिर्णयवर नेमकी संकष्टीच्या चंद्रोदयाची वेळ.

उरलेल्या कैऱ्या बायकोने हाताने कुस्करल्या. संध्याकाळी बायका म्हणाल्या, पन्हं फक्कड झालंय. "गूळ दुप्पट," साहेब दारामागून म्हणाले.

सकाळी खिडकीपासून भिंतीवरून, छतावरून थेट पंख्याच्या पात्यापर्यंत मुंग्यांची रांग लागली होती. साहेबांनी हाक मारली. बायकोने मान वर करून पाहिलं.

"उशीर केला यांनी. सांगा, डाळ संपली."