आमचं काही नाही हो, पण...

काळ्या माणसाला घर नाकारणारा एक तरी गोरा अमेरिकन दाखवा, असं कुणी म्हटलं तर पंचाईत होईल. सगळी सज्जन मंडळी. त्यांचं स्वतःचं काही नसायचं. 'आमचं काही नाही हो, पण शेजारी काय म्हणतील? भाव पडेल त्याचं काय?' शेजाऱ्यांना विचारावं, तर त्यांचंही काही नसायचं. त्यांनाही शेजारी होतेच. शिवाय घर माझं, ते कुणाला विकायचं ही माझी खासगी बाब, सरकारनं त्यात नाक खुपसू नये. (मुंबईत कार्पेट एरियाच्या आधी आडनाव विचारतात, त्याच्याशी याचा संबंध जोडू नये. आपल्याकडे सोसायटीचा नियम असतो.)

सरकारचं नाक मात्र आधीपासून आतच होतं. गृहकर्जाला विमा देणारं फेडरल खातं 1934 साली निघालं. त्याची नियमपुस्तिका सांगायची, की वस्तीत विसंगत वंशाची माणसं आली की कर्जाला धोका. डेट्रॉइटमध्ये एका बिल्डरची जागा नेमकी काळ्यांच्या वस्तीला लागून. विमा मिळेना. 1941 साली त्यानं मध्ये सहा फूट उंच, अर्धा मैल लांब भिंत घातली आणि मंजुरी आली. भिंत अजून उभी आहे. अडवण्यापुरती ती तशी ठेंगणीच, पण फायलीत नोंद व्हायला सहा फूट पुष्कळ झाले.

सेंट लुईसमध्ये शेजाऱ्यांनी 1911 साली आपसात करार केला होता, की पन्नास वर्षं काळ्यांना किंवा मंगोलवंशीयांना घर द्यायचं नाही. 1945 साली शेली नावाच्या काळ्या कुटुंबानं त्यातलं एक घर घेतलं. मग ही खासगी बाब शेजारी स्वतःच कोर्टात घेऊन गेले, कारण घर रिकामं करून द्यायला सरकारच लागतं. सुप्रीम कोर्टानं 1948 साली सांगितलं, करार तुमचा तुमच्यापाशी ठेवा, तो राबवायला कोर्ट येणार नाही. नऊपैकी तीन न्यायमूर्ती या खटल्याला बसलेच नाहीत. कारण त्यांनी दिलं नाही. लोकांनी मात्र त्यांच्याच घरांच्या कागदांकडे बोट दाखवलं.

बर्मिंगहॅमच्या 'ऑलीज बार्बेक्यू'चे मालकही असेच सज्जन. त्यांचे दोन-तृतीयांश नोकर काळे, आणि काळ्या गिऱ्हाइकाला पार्सलही मिळे. बसायला तेवढी खुर्ची नव्हती. 1964 चा नागरी हक्क कायदा आला तसे ते कोर्टात गेले: हॉटेल आमचं, गावातलं, दिल्लीचा... माफ करा, वॉशिंग्टनचा काय संबंध? कोर्टानं माणसांचा विषय बाजूला ठेवून मटणखात्याचा हिशेब काढला. मांस परराज्यातून येतं, म्हणजे हा आंतरराज्य व्यापार, म्हणजे वॉशिंग्टनचा संबंध आला. काळ्या माणसाला खुर्ची मिळाली ती मांसाच्या पुण्याईनं.

घरांच्या बाबतीत तर कायदा 1866 पासूनच होता: मालमत्ता घेण्याचा हक्क गोऱ्यांइतकाच सर्वांना. तो खासगी विक्रेत्यालाही लागू आहे, हे सुप्रीम कोर्टाच्या लक्षात आलं 1968 साली. खटला पुन्हा सेंट लुईसकडचाच, जोन्स नावाच्या माणसाला बिल्डरनं घर नाकारल्याचा. एकशे दोन वर्षं कायदा पुस्तकात होता, वाचणारे चष्मा शोधत होते.

सिएटलच्या परिसरात जुन्या दस्तांमधून असलं कलम आजही छापलेलं सापडतं: गोऱ्यांखेरीज कुणी इथं राहू नये, अपवाद फक्त घरगड्यांचा. आता त्याला अर्थ उरलेला नाही. अर्ज केला तर दुरुस्तीही होते. तिथल्या सॉफ्टवेअर कंपन्यांत आपली मंडळी पुष्कळ. असलं एखादं जुनं घर घेऊन कुणी हौसेनं सत्यनारायण घातला, तर बिचकायचं कारण नाही. तिकडे मोलकरीण परवडत नाही. पाहुणे गेल्यावर भांडी यजमानालाच घासावी लागतात. म्हणजे कलमाचाही मान राहतो.