म्हैसूरची बाग आणि काकूंचे फोटो

अहो, ऐकलंत का? वरच्या मजल्यावरच्या काकू आल्या म्हैसूरहून! परवाच आल्या, पण पाय अजून जमिनीला लागायचेत. काल मी गॅलरीत मेथी निवडत बसलेय, तर ह्या फोन घेऊन समोर. "शहर असावं तर असं! जिकडे बघावं तिकडे झाडं. नाहीतर आपलं लालबाग, श्वास घ्यायला जागा नाही." आता अख्खी हयात इथे गेली, सासरे गिरणीत होते… जाऊ दे, आपल्याला काय!

तर काय सांगत होते, वृंदावन गार्डन. तो व्हिडिओ तुम्हालाही दाखवला असेलच. कारंजं गाण्यावर नाचतंय, लाल होतंय, निळं होतंय आणि मधेच ह्यांच्या मिस्टरांची माकडटोपी! "आमच्या म्हैसूरला ना," म्हणाल्या. आमच्या, बरं का! तेवढ्यात तळमजल्यावरचे मास्तर दुधाची पिशवी घेऊन जिन्यात थबकले. "वहिनी, बाग सुंदरच. पण ती म्हैसूर जिल्ह्यात नाही, मंड्या जिल्ह्यात. कृष्णराजसागर धरणाच्या पायथ्याशी. धरण विश्वेश्वरय्यांचं, बाग दिवाण मिर्झा इस्माईलांची." एवढं बोलले आणि गेले आपले दूध तापवायला. काकूंचं तोंड बघायला हवं होतंत!

पण खरी गंमत पुढेच. हे मला त्यांच्या सूनबाईनं नळावर सांगितलंय, तुम्ही कुठे बोलू नका. सगळं प्लॅनिंग मिस्टरांचं. झूसाठी दिवस कुठला ठेवावा? मंगळवार! मंगळवारी तिथलं झू बंद असतं हो. शेजारी कारंजी तलाव आहे, मोर अगदी हाताशी येतात म्हणे, म्हणून तिकडे वळले. तर तोही झूवाल्यांच्याच ताब्यात, तिथेही कुलूप!

आणि इथे येऊन ह्या चारचौघांत सांगतायत, "झू तर काय, वर्ल्ड क्लास! 1892 सालचं!" समोरच्या वहिनींचा धाकटा काकूंच्या फोनवर बोट फिरवत होता. म्हणाला, "आजी, जिराफ कुठेय? हे सगळे गेटचेच फोटो आहेत." अहो, चेहरा असा खर्रकन उतरला… मिस्टर चष्मा पुसायला म्हणून आत गेले, ते बाहेर आलेच नाहीत.

पण काकू हार मानतील तर शपथ! "जिराफाचं काय कौतुक मेलं! पेंग्विन आहेत का त्यांच्याकडे? आपल्या राणीच्या बागेत आहेत!" मी हळूच विचारलं, "बघितलेत का तुम्ही?" गप्प. 2017 पासून लोक रांगा लावतायत, भायखळा इथून हाकेवर, आणि ह्या नवी नवरी असताना गेलेल्या, त्यानंतर नाहीच! मग मीही ऐकवलं. म्हटलं, ती बाग 1862 ची, तुमच्या झूपेक्षा तीस वर्षांनी थोरली. आत गोरखचिंचेचं खोड बघा एकदा. फोर्टातला मूळचा काळा घोडासुद्धा तिथेच उभा आहे.

झालं, काकूंनी तिथल्या तिथे पुढारपण घेतलं. सगळ्या बायकांनी राणीच्या बागेत जायचं, थालीपीठं मी करायची, चटणी वहिनींनी. मिस्टरांनी आतूनच दिवस जाहीर केला, बुधवार.

अहो, बुधवारी राणीची बाग बंद! मी एक अक्षर बोलले नाही. मास्तर भेटतीलच की जिन्यात.