रजा अमर्याद, खाडा मोजून

आमच्या सिरसाळ्याची जी पोरं पुण्याजवळ हिंजवडीत कॉम्प्युटरपुढे बसतात, त्यांच्यातल्या काहींच्या कंपन्यांनी म्हणे रजेची मर्यादाच काढून टाकली. पाहिजे तेवढी घ्या! पोरं मात्र दिवाळीला दोन दिवस येतात, आणि तेही फराळाच्या ताटाशेजारी लॅपटॉप उघडा ठेवून. साहेब 'नाही' म्हणतच नाही ना! 'घे की, फक्त रिलीजचं बघ' एवढंच म्हणतो. बारा रजा कागदावर असल्या की माणूस हक्काने मागतो. आकडाच नसला की शेजारच्याने किती घेतल्या ते बघून एक कमी घेतो. अमेरिकेतल्या किकस्टार्टर कंपनीने 2015 मध्ये हे अमर्याद प्रकरण गुंडाळलं आणि सरळ वर्षाला 25 दिवस ठरवून टाकले.

खरी गोम पैशात आहे. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वीस दिवस कामामागे एक भरपगारी रजा आहे, ती 45 दिवसांपर्यंत साठते. राज्य सरकारी नोकराला तर निवृत्तीच्या वेळी 300 दिवसांपर्यंतच्या अर्जित रजेचे पैसे मिळतात. अमर्याद रजेत शिल्लक काय दाखवणार? अन् शिल्लकच नाही म्हटल्यावर देणं कसलं?

बीड जिल्ह्यातल्या आमच्या परळी तालुक्याला ही चैन नवी नाही. ऊसतोडीच्या फडावर रजेचा अर्ज कोण मागतो? ताप आला, झोपा कोपीत. फक्त खाडा पडला की मुकादम पाचशे-हजार उचलीत, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशात, चढवतो. 2019 मध्ये बीडमधल्या 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यात 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. पाळीमुळे खाडा नको, हेही त्यामागचं एक कारण म्हणून पुढे आलं. हिंजवडीच्या एसीत एवढं कुणी सोसत नाही, कबूल. पण रजेची किंमत दुसऱ्याने ठरवायची, ही रीत तीच.

ठरलेल्या सुट्टीसाठी कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे 1884 पासून झगडले आणि 10 जून 1890 ला गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. 'वाटेल तेव्हा सोडा' असं त्यांनी मागितलं नव्हतं, वार ठरवून मागितला होता.

तेव्हा पोरांनो, ऑफर लेटरवर 'अमर्याद' दिसलं तर एचआरला दोनच गोष्टी विचारा: वर्षाला किमान किती दिवस सक्तीने घरी पाठवणार, आणि नोकरी सोडताना हातात काय पडणार? उत्तर लेखी घ्या.