बुचाविना चेंबर

स्वयंचलित गिअरबॉक्सचा चेंबर आणि त्यातील तेल घरच्या घरी बदलणे हा विधी प्रामुख्याने उत्तर अमेरिकेतील असून जुनी गाडी, घरापुढची सपाट सिमेंटची जागा, मोकळा शनिवार आणि गॅरेजच्या ताशी मजुरीचा धसका ही त्याची चार साधने होत. महाराष्ट्रात गाडीखाली सरपटण्याचे काम पूर्वापार मेस्त्री आणि त्याचा पोऱ्या यांच्याकडे असल्यामुळे मालकाचा सहभाग बाहेर स्टुलावर बसून चहा पिण्यापुरता आणि अधूनमधून ‘ओरिजिनलच टाका’ असे बजावण्यापुरता राहिला. परंतु नोकरीनिमित्त डेट्रॉईटच्या परिसरात स्थिरावलेला मराठी अभियंता, ज्याने पुण्यात कधी पंक्चरही स्वतः काढलेले नसते, तोही काही हिवाळ्यांनंतर पुठ्ठ्यावर उताणा पडून गाडीच्या पोटाकडे टक लावून पाहताना आढळतो.

साध्या गिअरबॉक्समध्ये इंजिन आणि चाके यांचा संबंध जोडणारा व तोडणारा क्लच चालकाच्या डाव्या पायाच्या स्वाधीन असतो, तर स्वयंचलित गिअरबॉक्समध्ये ते काम टॉर्क कन्व्हर्टर नावाचे तेलाने भरलेले बंद भांडे करते, ज्यात इंजिनाबरोबर फिरणारे पात्यांचे एक चक्र तेल भिरकावते आणि त्या माऱ्याने समोरचे दुसरे चक्र फिरू लागते. १९४० सालच्या ओल्ड्समोबिल गाड्यांत ‘हायड्रामॅटिक’ या नावाने पूर्णतः स्वयंचलित गिअरबॉक्स सर्वसामान्य ग्राहकाला मिळू लागला, तेव्हापासून अमेरिकी चालकाचा डावा पाय हळूहळू सेवानिवृत्त होत गेला आणि त्याच्याकडचा सगळा कार्यभार तेलाकडे आला. हे तेल शक्ती वाहून नेते, दाबाने आतल्या क्लचच्या चकत्या आवळते, दात्यांना वंगण पुरवते आणि उष्णताही बाहेर काढते. इंजिनाच्या तेलाशी त्याची गल्लत होऊ नये म्हणून त्याला लाल रंग दिलेला असतो. १९७० च्या दशकाच्या आरंभापर्यंत अमेरिकेत या तेलात स्पर्म व्हेलपासून काढलेले तेल मिसळत असत, म्हणजे समुद्रात हजार मीटर बुडी मारणारा तो जीव अखेरीस एखाद्या गृहस्थाच्या गिअरबॉक्सच्या तळाला जात असे. पुढे व्हेलच्या तेलावर बंदी आली आणि रसायनशास्त्रज्ञांना पर्याय शोधत बसावे लागले, तेव्हा या बदलाचा निर्भेळ आनंद फक्त व्हेललाच झाला असावा.

हे तेल गिअरबॉक्सच्या खाली ज्या उथळ पत्र्याच्या भांड्यात साठते त्याला अमेरिकेत पॅन आणि मराठी गॅरेजात चेंबर म्हणतात. महाराष्ट्रात चेंबर फुटतो तो नगरपालिकेने रातोरात उभारलेल्या गतिरोधकावर. मिशिगनमध्ये तो गंजतो, कारण तेथे बर्फ वितळावे म्हणून रस्त्यांवर मीठ पसरतात. खुद्द डेट्रॉईट शहराच्या पोटात सुमारे ३५० मीटर खोल मिठाची खाण असून तेथील मीठ याच कामी येते, त्यामुळे मोटारी घडवणे आणि मोटारी गंजवणे हे दोन्ही उद्योग या शहराने एकावर एक रचले आहेत, असे म्हणण्यास हरकत नाही. चेंबरचा पत्रा हे मीठ वर्षानुवर्षे खातो, परंतु खाल्ल्या मिठाला जागत नाही. त्याला सुईच्या अग्राएवढे छिद्र पडते आणि घरापुढच्या सिमेंटवर लाल ठिपके उमटू लागतात.

येथे जनरल मोटर्सच्या ४एल६०-ई या गिअरबॉक्सचे उदाहरण घेणे सोयीचे ठरेल. या नावातील ४ म्हणजे पुढचे चार गिअर, एल म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने केलेली मांडणी, ६० हा ताकदीचा दर्शक आकडा आणि ई म्हणजे इलेक्ट्रॉनिक नियंत्रण. १९९० च्या दशकापासून असंख्य पिकअप ट्रकांत तो बसवला गेला आणि त्यांतील अनेकांच्या चेंबरला तळाशी बूच नव्हते. बूच असते तर ते फिरवून तेल एका धारेत, एका घमेल्यात, सभ्यपणे उतरले असते. ते नसल्यामुळे कडेचे १६ बोल्ट सोडवून तेलाने भरलेला चेंबरच खाली घ्यावा लागतो. कारखान्यात दर गाडीमागे एका बुचाची जी बचत झाली, तिची भरपाई जगभरातील गृहस्थांच्या शर्टांनी केली आहे.

शास्त्रोक्त पद्धत अशी की, गाडी जॅकने उचलून लोखंडी घोड्यांवर पक्की टेकवावी (केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाणाऱ्याबाबत विनोद करण्याजोगे काही नाही), एका टोकाचे दोन-तीन बोल्ट सैल ठेवून बाकीचे काढावेत, आणि मग जुने पॅकिंग, म्हणजे दोन धातूंच्या मधली गळती रोखणारी पट्टी, हलकेच उचकटावी, जेणेकरून चेंबर एका बाजूला कलेल आणि तेल त्या कोपऱ्यातून वाहील. प्रत्यक्षात सोळांपैकी निदान एक बोल्ट गिअरच्या केबलच्या ब्रॅकेटआड दडलेला असतो, आणि जुने पॅकिंग बराच वेळ मुळीच सुटत नाही व नंतर सगळीकडून एकदम सुटते. खाली येणारे तेल सुमारे पावणेपाच लिटर असते. ते चारही दिशांनी उतरते आणि घमेले नेमके पाचव्या दिशेला ठेवलेले असते. सिमेंटवर सांडलेले तेल टिपण्यासाठी अमेरिकेत मांजरांच्या विधीसाठी मिळणारी माती पसरतात, आणि त्यात ऐतिहासिक न्याय आहे. कारण १९४७ साली मिशिगनमधील एडवर्ड लो या तरुणाने ती माती प्रथम मांजरांसाठी दिली, त्याआधी त्याच्या घरच्या व्यवसायात असा माल कारखान्यांतील सांडलवंड टिपण्यासाठीच विकला जात असे. तेव्हा या प्रसंगी माती माहेरी येते, इतकेच.

चेंबर खाली आल्यावर त्याच्या तळाशी एक लोहचुंबक दिसतो आणि या सर्व उपक्रमातील खरा ज्ञानभाग येथेच आहे. चुंबकावर बारीक, करड्या रंगाचा लेप असेल तर ती आयुष्यभराची स्वाभाविक झीज होय. दाताखाली येतील असे धातूचे तुकडे असतील तर नवे तेल विकत घेण्याऐवजी ते पैसे दुसऱ्या गिअरबॉक्ससाठी शिल्लक टाकावेत. गॅरेजवाला हा चुंबक निमूटपणे पुसून टाकतो. घरी काम करणारा मात्र तो उजेडात नेतो, बोटाने चोळतो आणि शेजाऱ्याला बोलावून दाखवतो. नंतर फिल्टर ओढून काढावा लागतो, तेव्हा फिल्टर सहज येतो आणि त्याच्या मानेभोवतीचे रबरी सील वरच्या भोकातच राहते. ते काढताना भोकाला ओरखडा गेल्यास पंप तेलाऐवजी हवा ओढू शकतो, म्हणून संपूर्ण कामात सर्वाधिक वेळ आणि सर्वाधिक अपशब्द या कड्यावरच खर्च होतात.

नवा चेंबर बसवताना बोल्ट केवळ ११ न्यूटन-मीटरइतक्या, म्हणजे मनगटाच्या साध्या पिळाएवढ्या जोराने आवळायचे असतात. परंतु गळतीने पोळलेला माणूस सर्व बळ एकवटून ते आवळतो, पत्रा बोल्टांपाशी दबतो, पॅकिंग बाहेर फुगते आणि गळती पुन्हा सुरू होते. तेल भरण्यासाठी लांब मानेचे नरसाळे डिपस्टिकच्या, म्हणजे तेलाची पातळी दाखवणाऱ्या पट्टीच्या, नळीत लावतात. मग इंजिन चालू ठेवून, गिअरचा दांडा सर्व स्थानांतून सावकाश फिरवून, तेल गरम झाल्यावर पातळी पाहतात. जास्त झालेले तेल फिरत्या भागांत घुसळून फेसाळते, आणि ते काढण्याचा सुलभ मार्ग बूच हाच होता.

शिवाय चेंबरमधून येते ते एकूण सुमारे साडेदहा लिटरांपैकी निम्म्याहून कमी. उरलेले मुख्यतः टॉर्क कन्व्हर्टरमध्ये सुखरूप राहते. एकदा बदलल्यावर जुन्या तेलाचे प्रमाण सुमारे ५५ टक्के, दुसऱ्यांदा ३०, तिसऱ्यांदा १६ असे उतरत जाते आणि शून्याला कधीच पोहोचत नाही. तेल बदलल्यानेच गिअरबॉक्स मरतो अशी एक दृढ लोकसमजूत आहे. ती बव्हंशी अशांच्या अनुभवावर उभी आहे, ज्यांनी गिअर घसरू लागेपर्यंत तेलाकडे पाहिलेच नव्हते, आणि मरणासन्नाच्या मुखात गंगाजल घालून नंतर त्याच गंगेवर खुनाचा आरोप ठेवावा, तसे ते तेलाला दोष देतात.

शहाणा गृहस्थ नवा चेंबर घेताना थोडे अधिक पैसे मोजून बूच असलेलाच घेतो, कारण पुढची खेप सोपी व्हावी. ती खेप येते तेव्हा सहसा गाडी विकली गेलेली असते. म्हणून जुना ट्रक घेणाऱ्याने किमतीची घासाघीस करण्यापूर्वी एकदा खाली वाकून चेंबरचा तळ जरूर पाहावा. तेथे बूच दिसल्यास मागितलेल्या किमतीत फार कपात मागू नये.