विधेयक रेटण्याची प्राथमिक शिकवणी

शारजाच्या अल मजाजमध्ये संध्याकाळी खालिद लगूनच्या कडेने चालणारा मराठी माणूस साधारण दोन फेऱ्यांत भारताची आरोग्यव्यवस्था सुधारून टाकतो. कारंज्यापर्यंत पोहोचता पोहोचता डॉक्टरांचा कट, म्हणजे रुग्ण पाठवल्याचे कमिशन, बंद झालेला असतो आणि नूर मशिदीशी वळेपर्यंत गावोगावी एमबीबीएस डॉक्टर बसलेला असतो. मग दम लागला की तो बाकावर टेकतो आणि विचारतो, "इतकं साधं आहे, तर कायदा का करत नाहीत?"

ही शिकवणी त्याच्यासाठी. उद्या सकाळी तुम्ही आरोग्यमंत्री झालात असे धरून चालू. हेतू शुद्ध आहे, मसुदा तयार आहे. विरोधात आहेत डॉक्टरांची संघटना, खासगी रुग्णालये, विरोधी पक्ष आणि तुमच्याच बाकांवरचे ते आमदार, ज्यांच्या संस्थेचे मेडिकल कॉलेज आहे. हे शेवटचे सर्वांत अवघड. ते विरोध करत नाहीत, "जरा अभ्यास व्हायला हवा" म्हणतात.

आधी इथली खोड मोडा

शारजात राहून सुधारणा म्हणजे सूचना, असे वाटायला लागते. १ जानेवारी २०२५ पासून शारजासह उत्तरेकडच्या अमिरातींत खासगी नोकरदारांचा आणि घरकामगारांचा आरोग्य विमा सक्तीचा झाला. विमा नाही, तर व्हिसा नाही. मूळ पॅकेज वर्षाला ३२० दिरहम, तेही मालकाने भरायचे. अबू धाबीने हेच २००५ च्या कायद्याने केले होते, दुबईने २०१३ च्या. आपल्या गल्लीत ते पोहोचले टायपिंग सेंटरमधून. काउंटरवरचा माणूस कीबोर्डवरून नजर न उचलता "इन्शुरन्स?" एवढेच विचारतो. नाही म्हटले की कागद काचेखालून परत. पहिले वाचन, दुसरे वाचन, तिसरे वाचन, सगळे तिथेच आटोपते.

इथे फेडरल नॅशनल कौन्सिल आहे. ४० सदस्य, निम्मे नेमलेले, निम्मे निवडलेले, काम सल्ल्याचे. आपण परदेशी माणसे, ना मतदार ना सदस्य. बिगारी कामगाराच्या खिशात विम्याचे कार्ड आले, ही गोष्ट मी लहान मानत नाही. पण दवाखान्यात नुसते दाखवायला गेले तर बिलाचे २५ टक्के रुग्णाने भरायचे. ते २५ च का, १० का नाहीत, यावर कोण कोणाशी भांडले हे आपल्याला कधी कळणार नाही. भारतात ते कळते, पण त्यासाठी भरपूर आयुष्य हाताशी लागते.

मुहूर्त

विधेयक मांडण्याची तारीख हा पहिला धडा. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे विधेयक लोकसभेत आले ते शुक्रवारी, २९ डिसेंबर २०१७ ला. नाताळ उलटलेला, ३१ डिसेंबर तोंडावर. जुनी भारतीय वैद्यकीय परिषद बरखास्त करून नवा आयोग आणायचा होता. परिषदेची अब्रू तशी आधीच गेलेली होती. २०१० मध्ये तिच्या अध्यक्षांनाच सीबीआयने लाचेच्या प्रकरणात अटक केली होती. म्हणजे बाजू भक्कम. तरीही २ जानेवारीला इंडियन मेडिकल असोसिएशनने देशभर बारा तास ओपीडी बंदची हाक दिली आणि त्याच दिवशी विधेयक स्थायी समितीकडे पाठवायचे ठरले.

नवशिक्याने इथे घाबरू नये. समित्या दोन जातींच्या असतात. एक विधेयक सुधारण्यासाठी असते, दुसरी पुरण्यासाठी. ओळखायची खूण सोपी आहे: अहवालाला मुदत दिली असेल तर पहिली, 'लवकरात लवकर' म्हटले असेल तर दुसरी. ही पहिल्या जातीची निघाली. मार्च २०१८ मध्ये अहवाल आला आणि विधेयकातला सर्वांत वादग्रस्त भाग सरकारने काढून टाकला. तो होता ब्रिज कोर्सचा: आयुर्वेद, होमिओपॅथीच्या डॉक्टरांनी छोटा अभ्यासक्रम करून ॲलोपॅथीची औषधे लिहायची.

काढलेला भाग फेकू नका. २०१९ च्या मसुद्यात 'सामुदायिक आरोग्य सेवा प्रदाता' नावाचा नवा प्राणी आला. मर्यादित परवाना, मर्यादित औषधे, आणि संख्या फार तर नोंदणीकृत डॉक्टरांच्या एक तृतीयांश. ब्रिज कोर्स गेला, पण एमबीबीएस नसलेल्या कोणीतरी औषध लिहून द्यावे ही कल्पना कपडे बदलून परत रांगेत उभी राहिली. विधेयक वाचताना मी आता हेच आधी शोधतो: मागच्या वेळी काय गळले, आणि ते या वेळी कोणत्या नावाने आले.

वटहुकूम, किंवा अधिवेशन नसतानाचे शौर्य

विधेयक अडकले आहे आणि सभागृह बसलेले नाही. उत्तम. २६ सप्टेंबर २०१८ ला सरकारने वटहुकूम काढून वैद्यकीय परिषद बरखास्त केली आणि कारभार नेमलेल्या मंडळाकडे दिला. जे विधेयकाला नऊ महिन्यांत जमले नव्हते, ते एका सहीत झाले. अडचण एवढीच की अधिवेशन सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत वटहुकूम मरतो. मग त्याच्या जागी येणारे विधेयक लोकसभेने ३१ डिसेंबरला मंजूर केले, राज्यसभेत ते राहिले, म्हणून जानेवारी २०१९ मध्ये पुन्हा वटहुकूम, आणि फेब्रुवारीत पुन्हा.

हा खेळ खेळण्याआधी पुण्याच्या एका प्राध्यापकांची गोष्ट ठाऊक हवी. गोखले अर्थशास्त्र संस्थेचे डॉ. डी. सी. वाधवा बिहारमधल्या जमीनधारणेचा अभ्यास करायला गेले होते. कागद चाळताना त्यांना कायद्यांऐवजी वटहुकूमच सापडू लागले. १९६७ ते १९८१ या काळात बिहारने २५६ वटहुकूम पुन्हा पुन्हा काढून जिवंत ठेवले होते, काही तर चौदा वर्षांपर्यंत. अधिवेशन संपले की दोन-चार दिवसांत सगळा गठ्ठा परत राजपत्रात. दुसरा कोणी असता तर तळटीप लिहून गप्प बसला असता. वाधवांनी आधी पुस्तक लिहिले आणि मग सर्वोच्च न्यायालय गाठले. डिसेंबर १९८६ मध्ये पाच न्यायमूर्तींनी या पद्धतीला घटनेशी केलेली लबाडी ठरवले आणि संशोधनाचे कष्ट ओळखून वाधवांना दहा हजार रुपये द्यायला सरकारला सांगितले.

पण त्याच निकालात एक फट राहिली: सभागृहाला खरोखरच वेळ मिळाला नसेल, तर पुन्हा काढलेला वटहुकूम चालू शकेल. नवशिक्यांनी ही ओळ पाठ करावी. मंत्रालयांनी ती केव्हाच केली आहे.

जुन्या कायद्याच्या पोटात

हा धडा शिकवताना मला आनंद होतो, कारण त्यात आरडाओरडा नाही. केंद्राचा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट्स कायदा २०१० चा. आरोग्य हा राज्यांचा विषय, म्हणून तो राज्याने स्वीकारावा लागतो. महाराष्ट्राने स्वीकारला नाही. आपला स्वतःचा आणू, असे ठरले. मसुदे झाले, डॉक्टरांच्या संघटना भेटून गेल्या, मसुदे राहिले. २०१७ मध्ये कट प्रॅक्टिसविरुद्धचा कायदा लिहायला माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. तिचा मसुदाही आला, कायदा काही आला नाही.

मग जानेवारी २०२१ मध्ये काय झाले? १९४९ च्या मुंबई शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखालचे नियम बदलले गेले. दर फलकावर लावा, रुग्णहक्कांची सनद लावा. नवे विधेयक नाही, मतदान नाही, सभात्याग नाही. नियम राजपत्रात छापतात, सभागृहाच्या पटलावर ठेवतात, आणि पटलावर ठेवलेले कागद वाचणारा आमदार मला अजून भेटायचा आहे. दहा वर्षे जी गोष्ट दारातून आत येईना, तिचा एक तुकडा असा आत आला. दात मात्र जुन्या कायद्याचेच राहिले, आणि तो कायदा स्वातंत्र्यानंतर दोन वर्षांनी झालेला आहे.

दुसरे सभागृह

लोकसभेत बहुमत असते, राज्यसभेत नसते, या दुखण्यावर धन विधेयक नावाचा उतारा आहे. विधेयकाला तो शिक्का बसला की राज्यसभेच्या हातात चौदा दिवस आणि शिफारशी उरतात. आधारचा कायदा २०१६ मध्ये असाच झाला. अमेरिकेतल्या तुमच्या मावसभावाला विचारा, त्यांच्याकडेही याचा एक भाऊबंद आहे. जानेवारी २०१० मध्ये मॅसॅच्युसेट्सची पोटनिवडणूक हरल्यावर डेमोक्रॅट पक्षाचे सिनेटमधले साठावे मत गेले. मग प्रतिनिधीगृहाने आरोग्य विम्याच्या सुधारणेचे सिनेटचे जुने विधेयक स्वल्पविराम न बदलता २१९ विरुद्ध २१२ मतांनी घेतले आणि दुरुस्त्या अर्थसंकल्पाच्या 'रिकन्सिलिएशन' वाटेने ५६ विरुद्ध ४३ ने नेल्या. त्या वाटेवर साठ मते लागत नाहीत, साध्या बहुमतात भागते. सात वर्षांनी रिपब्लिकन पक्ष त्याच वाटेने तोच कायदा मोडायला आला आणि एका मताने पडला. म्हणून लक्षात ठेवा, तुम्ही शोधलेली पळवाट विरोधकांनाही दिसलेली असते.

महाराष्ट्राचे उदाहरण वेगळे आहे आणि ते मला थट्टेत सांगता येत नाही. जादूटोणाविरोधी कायद्याला आपण आरोग्याचा कायदा म्हणत नाही, पण त्याच्या अनुसूचीत साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे हा गुन्हा आहे. विधानसभेने विधेयक २००५ मध्ये मंजूर केले. विधान परिषदेत ते समितीत गेले आणि रुतले. वारी बंद होणार, सत्यनारायण बंद होणार, अशा आवया उठल्या. मसुदा दर फेरीत बारीक होत गेला. घटनेप्रमाणे विधान परिषद साधे विधेयक फार तर चारेक महिने अडवू शकते. बाकीची सगळी वर्षे सरकारांनी आपल्याच इच्छेने घालवली, आणि दोष मात्र परिषदेच्या नावावर जमा झाला. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात, या कायद्यासाठी वर्षानुवर्षे झगडणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. दुसऱ्याच दिवशी मंत्रिमंडळाने वटहुकमाला मान्यता दिली आणि डिसेंबरात नागपूर अधिवेशनात कायदा झाला. इतकी वर्षे 'प्रक्रिया सुरू आहे' म्हणणाऱ्यांना प्रक्रिया किती दिवसांची असते ते त्या आठवड्यात दिसले.

मंजुरीनंतर

वैद्यकीय आयोगाच्या विधेयकाकडे परत येऊ. नव्या लोकसभेत ते २२ जुलै २०१९ ला आले, २९ ला मंजूर झाले, १ ऑगस्टला राज्यसभेने दुरुस्त्यांसह परत केले. त्या दुरुस्त्या लोकसभेने मान्य केल्या ५ ऑगस्टला, म्हणजे अनुच्छेद ३७० हटवण्याच्या दिवशी. निवासी डॉक्टर रस्त्यावर होते, देश टीव्हीवर काश्मीर पाहत होता. योगायोगच असेल, तारीख वहीत लिहून ठेवायला हरकत नाही.

आता पेढे वाटाल, तर थांबा. महाराष्ट्राने २०१४ मध्ये, निवडणुकीच्या वर्षी, कायदा दुरुस्त करून एक वर्षाचा अभ्यासक्रम केलेल्या होमिओपॅथना आधुनिक औषधे लिहायची मुभा दिली. विधिमंडळात काम चटकन झाले. त्यानंतर प्रकरण उच्च न्यायालयात गेले. २०२५ च्या जुलैत राज्याच्या वैद्यकीय परिषदेत त्यांची नोंदणी सुरू व्हायची होती, तेव्हा संपाची हाक आली आणि नोंदणी थांबली. सप्टेंबरात सरकारने पुन्हा हिरवा कंदील दाखवला आणि १८ तारखेला ॲलोपॅथीच्या डॉक्टरांनी चोवीस तासांचा संप केला. मंजुरीला अकरा वर्षे झाली होती आणि भांडण नोंदवहीच्या एका रकान्यावर आले होते. इंडियन मेडिकल असोसिएशनचे म्हणणे, हा रुग्णाच्या जिवाशी खेळ आहे. होमिओपॅथचे म्हणणे, तुमचा एमबीबीएस तालुक्याच्या पुढे येतच नाही. दोघेही अर्धे खरे बोलतात. ज्या गावाच्या नावाने हे चालते, त्याची साक्ष कुठल्याही समितीने काढल्याचे माझ्या वाचनात नाही.

म्हणून मसुद्यात शेवटचे एक कलम विसरू नका. त्याचे नाव 'अडचणी दूर करण्याचा अधिकार'. दिसायला निरुपद्रवी, पानाच्या तळाशी, चर्चेत त्यावर कोणी उभा राहत नाही. आयोगाच्या कायद्यात लिहिले होते की एमबीबीएसच्या अंतिम वर्षाची देशव्यापी 'नेक्स्ट' परीक्षा तीन वर्षांत सुरू होईल. संसदेत याच परीक्षेवर तासन्‌तास भाषणे झाली होती. २०२२ आले तरी परीक्षेचा पत्ता नव्हता. तेव्हा सरकारने हे कलम उघडले, अडचण आहे असे राजपत्रात लिहिले आणि मुदत २०२४ पर्यंत नेली. २०२४ ही गेले. परीक्षा झालेली नाही.