पंचवीस पॉइंट चार

परवा सकाळी माझ्या ताटातल्या भाकरीची जाडी मोजली गेली. मी घास मोडणार, तेवढ्यात समोर बसलेल्या गृहस्थांनी खिशातून व्हर्नियर काढला, भाकरीच्या कडेला चिमटवला, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "चार पॉइंट दोन. कडेला पातळ झाली, सर. मधी साडेपाच भरंल." स्वयंपाकघरातला भाकरी थापल्याचा आवाज एकदम थांबला.

हे आमचे किल्लेदार. तुमच्याही कॉलनीत असतीलच. तुमचे कदाचित आगकाड्यांचा ताजमहाल करत असतील, नाहीतर दर गणपतीला हलता देखावा. आमचे वाळूजच्या एका कारखान्यातून, टूलरूममधून, निवृत्त झाले. निरोपाच्या वेळी माणसं भिंतीवरचं घड्याळ घेऊन येतात, हे व्हर्नियर घेऊन आले. तेव्हापासून तो शर्टाच्या खिशात असतो, अर्धा बाहेर डोकावत. लग्नात अक्षता पडत असताना यांनी शेजारच्या पाटाची उंची मोजलेली मी पाहिली आहे. मयताला गेलो होतो, तिथंही हात खिशाकडे गेला होता. मी धरला.

रोगाचं मूळ पुण्यात आहे. मुलगा तिकडं कंप्युटरमध्ये. एका दिवाळीला तो घरी आला आणि वडिलांना एक खेळ समजावून सांगत बसला. खेळाचं नाव 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'. अमेरिकेत 1974 साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी काढलेला. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी तिच्यातली माणसं व्हायचं, आणि तलवार लागली की हुकली हे वीस पैलूंच्या फाशावर ठरवायचं. गोष्ट बहुतेक वेळा भुयारात घडते, म्हणून कागदावर चौकोन आखून भुयार काढतात. हौशी मंडळी त्याच्याही पुढं जाऊन भिंती-फरशांचे सुटे ठोकळे करतात. आज असे जोडले, उद्या तसे, की रोज नवं भुयार. मुलगा तासभर बोलला. राक्षस, जादूगार, खजिना, सगळं सांगून झालं. शेवटी म्हणाला, एक चौकोन म्हणजे एक इंच, आणि एक इंच म्हणजे पाच फूट धरायचे.

"एक इंच," किल्लेदार म्हणाले. "म्हणजे पंचवीस पॉइंट चार."

आमच्या गल्लीचं शांत आयुष्य तिथं संपलं.

परदेशातलं भुयार कशाला, हा त्यांचा पहिला प्रश्न. पंधरा किलोमीटरवर देवगिरी उभा आहे. खडक तासून उभा केलेला डोंगर, भोवती खंदक, आणि वर जायला एकच वाट, तीही डोंगराच्या पोटातून. अंधारी म्हणतात तिला. शाळेच्या सहलीत प्रत्येकजण तिच्यात एकदा ओरडलेला असतो. वाकडी वळणं, पायऱ्या एकीसारखी दुसरी नाही, वटवाघळांचा वास, आणि गाईड सांगतात तशी ती गंमत, की एका ठिकाणी उजेड दिसतो म्हणून शत्रू तिकडं धावला की थेट खंदकात. "आता सांगा सर," किल्लेदार म्हणाले, "1974 साली त्या लोकांनी नवीन काय केलं? आपल्याकडं फकस्त फासा नव्हता."

मग अंधारीचे तुकडे पडायला लागले. 2018 साली राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली, पण फ्रिजच्या खोक्यातून थर्माकोल येतच राहिला. कॉलनीत कुणाकडं टेम्पोतून खोकं उतरलं की मालकाच्या आधी हे फाटकाशी हजर. "टाकू नका!" एकदा नव्या वॉशिंग मशीनच्या आनंदात कुणी पेढा दिला, तर पेढा परत करून खालचा थर्माकोल घेऊन गेले. त्यावर कागद सोललेला फोमबोर्ड डकवायचा. वहिनींच्या स्वयंपाकघरातली फॉइल चुरगळून गोळा करायचा आणि तो फोमवर दाबून फिरवायचा, की दगडाचे खड्डे उमटतात. काळ्या रंगात फेव्हिकॉल कालवून पहिला हात. तो वाळला की ब्रश जवळजवळ कोरडा करायचा आणि राखाडी रंग वरच्यावर ओढायचा. कडा तेवढ्या उजळतात, खाच काळी राहते. मग व्हर्नियर. पंचवीस पॉइंट पाच भरला तर तुकडा बाद. बाद तुकड्यांचा ढीग पलंगाखाली मावेना तेव्हा वहिनींनी त्यांतल्या दोनांवर गरम पातेलं ठेवलं. त्या दिवशी घरात बरंच काही वितळलं.

वितळण्यावरून आठवलं. देवगिरीतला चांद मिनार त्यांनी स्प्रेच्या डब्यानं रंगवायला घेतला. स्प्रेमधलं द्रावण थर्माकोल खातं, हे टूलरूममध्ये कुणी शिकवत नाही. आमच्या डोळ्यांदेखत मिनार दुधाच्या सायीसारखा खाली बसला. मी काही सांत्वनाचं बोलावं म्हणून शब्द शोधत होतो. यांनी व्हर्नियर लावला. "एकशे दहाचा होता. एकतीस उरला."

इतिहासातल्या माणसांकडंही ते याच डोळ्यानं बघतात. 1327 साली मुहम्मद तुघलकानं राजधानी दिल्लीहून देवगिरीला हलवली, तिचं नाव दौलताबाद ठेवलं, आणि काही वर्षांनी सगळं परत दिल्लीला. सगळं जग त्याला वेडा म्हणतं. किल्लेदारांना तो जवळचा वाटतो. "राजधानी सुटी पाहिजे हा विचार बरोबर होता, सर. पण जोडाला टॉलरन्स ठेवला नाही त्यानं."

अंधारी पुरी झाली आणि खेळाला माणसं लागली. मुलगा पुण्यात, त्याचे मित्र त्याहून लांब. म्हणून एका शनिवारी संध्याकाळी आम्हीच चौघं योद्धे झालो: मी, समोरचे बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, वरच्या मजल्यावरचे वकील आणि नाइलाजानं वहिनी. बँकवाल्यांनी पहिल्या मिनिटाला जाहीर केलं की अंधारीत जायची त्यांना काही हौस नाही, ते बाहेर चपला सांभाळतील. दोन तास त्यांचा योद्धा चपला सांभाळत उभा होता. वकिलांनी राक्षसाकडं नोटीस पोचली का, ते विचारलं. मी पुढं गेलो, उजेड दिसला, धावलो. खंदकात. बाकीच्यांचंही काही फार चाललं नव्हतं, कारण कुणाचं कोपर लागून तुकडा हलला की खेळ थांबायचा आणि व्हर्नियर निघायचा. दोन तासांत आमची फौज चार घरं पुढं सरकली. म्हणजे वीस फूट.

तेवढ्यात गल्लीतून हाक आली, "पाणी आलं!"

आमच्याकडं नळाला पाणी आठवड्यानं येतं. ज्यांनी या शहरात संसार केला आहे त्यांना पुढचं सांगायला नको. योद्धे उठले, मोटारी चालू झाल्या, पिंपं, बादल्या, गच्चीवरची टाकी. तासाभरानं मी चप्पल न्यायला परत गेलो. किल्लेदार एकटेच टेबलाशी होते. त्यांनी आमच्या सगळ्यांच्या वाटचे फासे टाकून आमच्या चारही माणसांना अंधारीच्या वरच्या तोंडातून बाहेर काढून ठेवलं होतं. माझ्याही. "तुम्ही मेले होते, सर," ते म्हणाले. "पण वीस पडले."

मला त्यांचा राग येतो, तो अजूनही येतो. फक्त त्या दिवसापासून मी भाकरी मोजू देतो.

गेल्या महिन्यात फिरायला म्हणून त्यांच्याबरोबर पहाटे पैठण गेटला गेलो. बावन्न दरवाज्यांचं शहर म्हणून आपण मिरवतो. दरवाजे ज्या तटात होते तो तट बहुतेक गेला. काही दरवाजे राहिलेत, रस्त्यांच्या मधोमध, दोन्ही बाजूंनी रिक्षा जातात. दरवाजातून जायची गरजच नाही. बाजूनं मोकळं आहे. किल्लेदार बराच वेळ बघत राहिले. "सुटा तुकडा," म्हणाले. "शेजारचे हरवले." मग पुढं होऊन त्यांनी दगडाच्या जोडाला व्हर्नियर लावला.

कोपऱ्यावरचा चहावाला स्टोव्ह पेटवायचा थांबला. माप घेणारा माणूस दिसला की या शहरातल्या प्रत्येक दुकानदाराच्या चेहऱ्यावर येतो तो भाव त्याच्या चेहऱ्यावर आला. "चाचा, ये भी तोड रे क्या?"

"नही रे. जोडू लागलो," किल्लेदार अर्ध्या हिंदीत, अर्ध्या मराठवाडीत.

चहावाल्यानं मान हलवली. "जोडने कू कोन नापता?"

आम्ही दोन कटिंग घेतले. त्यानं पैसे घेतले, पण नजर व्हर्नियरवरच. आम्ही निघालो तेव्हा तो शेजारच्या पानवाल्याला उठवून काहीतरी सांगत होता, आणि पानवाला वर टांगलेल्या फलकाकडं काळजीनं बघत होता.

आता अंधारी माळ्यावर गेली आहे. टेबलावर पैठण गेट उभा आहे, हातभर रुंद, आणि त्याच्या दोन्ही अंगांना तट. रोज तीन-चार तुकडे वाढतात. परवा भाकरी मोजायला आले होते ते निमित्त होतं. खरं काम जेवण झाल्यावर निघालं. त्यांचं टेबल संपलं होतं. तट मकई गेटकडं वळायला निघालेला आणि पुढं जागा नाही. ते आमच्या जेवणाच्या टेबलाकडं बघत होते. व्हर्नियर काढला, उघडला, पूर्ण उघडूनही तो दीडशे मिलिमीटरच. टेबल साडेचार फूट. त्यांनी व्हर्नियर खिशात ठेवला आणि आयुष्यात पहिल्यांदा, माझ्यासमोर, वितीनं मोजलं.

"सहा विती," म्हणाले. "आणि वर चार बोटं."

कालपासून आम्ही खाली पाट मांडून जेवतो.